मास्तरांच्या दंडाचं माप

शिवणकाम करणाऱ्या मास्तरांचं पोट बेतायच्या टेबलाला टेकू लागलं, तेव्हा बायकोने त्यांना दंडाला धरून इस्पितळात नेलं. तिथे एका नव्या औषधाची चाचणी चालू होती. वजन उतरवणारं इंजेक्शन सगळ्यांना मिळणार होतं. पण वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झडतात. ते वाचवणारं दुसरं औषध मात्र निम्म्याच लोकांना होतं, उरलेल्यांच्या सुईत नुसतं पाणी.

"मग मला औषध की पाणी?" मास्तरांनी विचारलं.

"ते मलाही माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "शेवटपर्यंत कुणालाच कळणार नाही. तुम्ही फक्त रोजचं काम आहे तसं ठेवा. नवा व्यायाम नको, जादा वजन उचलणं नको. नाहीतर हाताची ताकद औषधाने टिकली की व्यायामाने, हे आम्ही कसं ओळखणार?"

मास्तरांनी मान डोलावली खरी, पण त्यांचा जीव टांगणीला लागला. दुकानातली लोखंडी इस्त्री वडिलांच्या वेळची होती, चांगली वजनदार. म्हातारपणी वडील वाळले, एका सकाळी त्यांना ती उचलेना, आणि त्यांनी शिलाई मशीनवर कापड झाकलं ते कायमचं. मास्तरांना पोट जायला हवं होतं. हात गेला तर दुकान गेलं.

"कुणालाच कळणार नाही म्हणे," दुकानात येताच ते बायकोला म्हणाले. "मग माझ्या गळ्यात काय आहे?"

त्यांच्या गळ्यात टेप होती. काम शिकवणाऱ्या उस्तादांनी दिलेली, रंग उडालेली, आणि बायकोनेही हात लावायचा नाही असा जिच्याबद्दल दुकानाचा कायदा होता. या टेपने मास्तर दर आठवड्याला स्वतःचा दंड मोजू लागले. पोट उतरत होतं, पण दंडही थोडाथोडा उतरत होता. मास्तरांचं जेवणावरून लक्ष उडालं, आणि त्यात इंजेक्शनचा वाटा किती नि काळजीचा किती हे सांगणं अवघड होतं.

मग एके दिवशी दंड चक्क वाढला.

"अगं, औषधच आहे! पाणी नाही!" मास्तर ओरडले.

"बरं झालं," बायको मान वर न करता म्हणाली, आणि दोरा ओवलेल्या सुईत पुन्हा दोरा ओवू लागली.

त्याच आठवड्यात बँकेचे मॅनेजर नवी पँट परत घेऊन आले. "मास्तर, हिचं बटण लागत नाही."

आता, जुन्या गिऱ्हाइकाचं माप मास्तर पुन्हा कधी घेत नसत. सगळी मापं त्यांच्या डोक्यात असत, आणि याचा त्यांना कोण अभिमान. "साहेब, कात्री तीच, टेप तीच, माझी स्मरणशक्तीही तीच," ते म्हणाले आणि मॅनेजरांच्या पोटाकडे प्रेमाने पाहत राहिले. "मग बदललं काय असेल?"

मॅनेजरांनी पोट आत घेतलं आणि पँट काखेत मारून निघून गेले. त्यांच्यामागून आणखी गिऱ्हाइकं आली. कुणाचा सदरा काखेत काचत होता, कुणाला कोटात हात वर करता येत नव्हता. मास्तरांनी एकेकाला बसवून रात्रीचं जेवण कमी करायचा सल्ला दिला. स्वतः डॉक्टर घट्ट पँट घेऊन आले, तेव्हा तर मास्तरांनी आवाज खाली आणला. "लाजू नका डॉक्टरसाहेब. तुमच्याच इस्पितळात एक छान इंजेक्शन मिळतं." डॉक्टरांनी दुसऱ्या दिवसापासून दुपारचं जेवण सोडलं. मॅनेजर बँकेत चालत जाऊ लागले. गल्लीतल्या बेकरीवाल्याने मात्र मास्तरांशी बोलणं टाकलं.

हे असंच चाललं असतं, पण दुकानाच्या काचेतल्या पुतळ्याला मास्तरांनी नवा सदरा शिवला. पुतळ्याचं मापही डोक्यातच होतं. सदरा चढवला, बटणं लावायला गेले, तर छातीवरचं बटण काजापर्यंत पोचेना. मास्तरांनी पुतळ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"अगं," ते हळूच म्हणाले, "हा काय खातो?"

बायकोला आधी हसू फुटलं, मग रडू. तिने बटणांच्या डब्याच्या तळातून टेपचे दोन तुकडे काढून टेबलावर ठेवले. "दोरा तोडताना कात्री चुकली हो. तुम्ही चिडाल म्हणून तशीच नवी आणली. जुनी दिसावी म्हणून चहाच्या पाण्यात भिजवली."

मास्तरांनी जुना तुकडा नव्या टेपशेजारी लावला. वर्षानुवर्षं ओढून ओढून जुनी टेप ताणली गेली होती. तिचा प्रत्येक इंच नव्या इंचापेक्षा ऐसपैस होता. डोक्यातली मापं जुन्या टेपची, कापड बेतलं नव्या टेपने. गिऱ्हाइकं होती तेवढीच होती. मास्तरांनी जुन्या तुकड्याने दंड मोजला. दंड पूर्वीपेक्षाही बारीक झाला होता.

"पाणीच असणार," ते म्हणाले. त्यांना खरोखर भीती वाटली.

"रागवा ना माझ्यावर," बायको म्हणाली.

"राग सवडीने. आधी लोकांची माफी मागायला हवी. अर्ध्या गल्लीला मी तोंडावर जाडं म्हटलंय."

पण माफी मागायला ते दुकानाबाहेर पडतात तोच मॅनेजर समोर. अंगात तीच पँट, बटण लागलेलं, आणि काखेत भलंमोठं गाठोडं. "मास्तर, तुमचे उपकार कसे फेडू? ही पँट बसली बघा. पण आता जुन्या सगळ्या ढगळ झाल्यात. तेवढ्या बारीक करून द्या."

"साहेब, खरं सांगायचं तर ती टेप..."

"टेप राहू द्या हो. असं तोंडावर सांगणारं माणूस लागतं."

मॅनेजरांमागे रांग लागली. जो तो बारीक झाला होता, आणि जो तो जुन्या कपड्यांचं कपाट रिकामं करून आला होता. मास्तरांनी उसवलं, बायकोने टाचलं, मशीन थांबेना. आणि प्रत्येक नव्या शिवणीवर इस्त्री फिरवल्याशिवाय कपडा दुकानाबाहेर जाऊ द्यायचा नाही, ही उस्तादांची शिकवण होती.

शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी मास्तरांच्या हातात मूठ आवळायचं यंत्र दिलं. मास्तरांनी डोळे मिटून आवळलं. काटा पहिल्या दिवशीच्या आकड्याच्या पुढे गेला. मास्तरांना इतकं बरं वाटलं की यंत्र सोडायचं सुचेना.

"वा!" डॉक्टर खुलले. "नवा व्यायाम वगैरे काही केला नाहीत ना?"

"छे."

"अहो," बायकोने कोपराने ढोसलं.

"इस्त्री केली जरा."

"ती तर रोजचीच."

"रोजची कसली, गल्लीभरच्या कपाटांची," बायको म्हणाली. "सकाळपासून दिवेलागणीपर्यंत."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "मास्तर, मी सांगितलं होतं ना? आता हे औषधाने झालं की इस्त्रीने, मी काय लिहू?"

"एवढ्या इस्त्रीला मी नाही म्हणणारच होतो डॉक्टरसाहेब," मास्तर खाली बघत म्हणाले. "पण सगळ्यात मोठं गाठोडं तुमचंच होतं."

डॉक्टरांनी स्वतःच्या पँटच्या कडक घडीकडे पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं.