गुलाबी वाइन कुणासारखी?

वाइन चाखण्याची माझी पद्धत ल्वार नदीच्या सबंध खोऱ्यात दुसऱ्या कुणाकडे नाही, हे मी अत्यंत नम्रपणे सांगतो. बाकीचे लोक पेला नाकाशी धरतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "ओला दगड. जांभळी फुलं. घोड्याचं खोगीर." मी आयुष्यात कधी दगड चाटलेला नाही, आणि खोगिराला तोंड लावायची वेळ अजून माझ्यावर आलेली नाही. मी निवृत्त होईपर्यंत गावाला मोटार शिकवली. आमच्या गावात ज्याच्याकडे म्हणून लायसन्स आहे, त्याने माझ्या शेजारी बसून घाम गाळलाय, आणि मी त्याच्या शेजारी बसून त्याहून जास्त गाळलाय. माणूस लग्नात, जेवणात, चर्चमध्ये खोटं वागू शकतो. चढावर क्लच सोडताना नाही. त्यामुळे घोट घेतला की माझ्या डोळ्यांसमोर फळंफुलं येत नाहीत. एखादा विद्यार्थी येतो, आणि ती वाइन कशी आहे ते मला लख्ख कळतं.

ही पद्धत माझ्या जिभेपुरती होती तोवर सगळं ठीक चाललं होतं.

पण मला झगा हवा होता. आमच्या गावात एक वाइन-मंडळ आहे. त्याचे सभासद लाल झगे आणि चपट्या टोप्या घालून डोंगरात कोरलेल्या तळघरात जमतात, शपथ घेतात आणि मग पितात. झग्याशिवायही पिता येतं, पण ते निव्वळ पिणं झालं. मंडळाच्या अध्यक्ष ओनोरीनबाई. सगळ्यात मोठा द्राक्षमळा त्यांचाच. त्या म्हणाल्या, "मास्तर, आधी गावच्या पत्रकात वाइनवर काहीतरी लिहा. लोकांना तुमची जीभ कळू दे. मग झग्याचं बघू."

लोकांना माझी जीभ कळली.

पहिल्याच लेखात मी एका पांढऱ्या वाइनबद्दल लिहिलं, 'गाडी सुरू व्हायच्या आत हॉर्न वाजवते. पहिल्या घोटाला नुसती घाई, दुसऱ्याला पश्चात्ताप.' नाव कुणाचंच घातलं नव्हतं, पण शिकताना असा हॉर्न कोण वाजवायचं ते गावाला ठाऊक होतं. शनिवारी ऑक्ताव्ह खाटकाच्या दुकानात गेलो, तर रांगेतले लोक एकदा माझ्याकडे आणि एकदा त्याच्याकडे बघत गालात हसत होते. ऑक्ताव्हने मुकाट्याने एक तुकडा कापून माझ्यापुढे ठेवला.

"हे काय रे? नुसत्या शिरा आहेत."

"खाऊन तर बघा, मास्तर. पहिल्या घासाला घाई वाटेल. दुसऱ्याला पश्चात्ताप."

त्या दिवशी जेवताना माझी बायको सोलांज बराच वेळ चावत होती. शेवटी तिने घास ताटाच्या कडेला काढून ठेवला. "तुला झगा हवाय की जेवण, ते एकदा ठरव."

मी ठरवलं की यापुढे फक्त कौतुक करायचं. योगायोगाने पुढची बाटली खुद्द ओनोरीनबाईंच्या नव्या गुलाबी वाइनची होती. घोट घेतला आणि माझ्या विद्यार्थ्यांमधला सगळ्यात गुणी हात समोर उभा राहिला. मी लिहीत सुटलो. 'ही वाइन कधी धक्का देत नाही. वळण कधी आलं, कधी गेलं, कळतसुद्धा नाही. सोबत असली की मनातली सगळी घाई निघून जाते. इतक्या वर्षांत इतका हलका हात मी एकच पाहिला.'

ओनोरीनबाई हरखल्या. त्यांनी ते सगळं मोठ्या अक्षरांत कापडावर रंगवून घेतलं आणि तळघराच्या दारावर टांगलं. "मास्तर, रविवारी सभेला या. तुमच्या मापाचा झगा शिवायला टाकलाय."

मी घरी आलो तो तरंगतच.

पुरुषाचं एवढं कौतुक कुणी करत नाही, तेव्हा तो हात बाईचाच, असा निष्कर्ष गावाने दुपारच्या आत काढला. प्रश्न इतकाच उरला की बाई कोण. पाववाल्याच्या बायकोने माझ्या पिशवीत न मागता लोण्यातला गोड ब्रियोश पाव घातला आणि हळूच म्हणाली, "मला वाटलं होतं तुम्ही विसरलात." विसरणार कसा? तिने माझी गाडी चौकातल्या कारंज्यात घातली होती. औषधांच्या दुकानातली मातिल्द लाजून म्हणाली, "एवढं लिहायला नको होतं हो, मास्तर." मला खोकला नसताना तिने मला खोकल्याची बाटली दिली. तिचा नवरा दातांचा डॉक्टर. तो रस्त्यात भेटला.

"मंगळवारी दाढ काढायला येताय ना, मास्तर?"

"बघतो. ठणका जरा कमी आहे."

"या, या. हात माझाही हलका आहे."

त्या क्षणी माझी दाढ कायमची बरी झाली.

एका दुपारी बकरीच्या दुधाचं चीज कापता कापता सोलांजने विचारलं, "कोण आहे ती?"

"कुणी नाही गं."

"'इतका हलका हात मी एकच पाहिला.' म्हणजे माझा नाही. मी तुझ्याकडे शिकलेच नाही."

हे खरं होतं. आमचं ठरल्यावर ती शेजारच्या गावी जाऊन मोटार शिकली होती. तिला माझ्याशी लग्न करायचं होतं, आणि दोन्ही जमेल असं तिला वाटलं नव्हतं.

"तुला वाटतंय तसं काही नाही, सोलांज."

"मग नाव सांग."

नाव सांगितलं असतं तर ती तिथल्या तिथे हसली असती. पण ते नाव संध्याकाळपर्यंत ओनोरीनबाईंच्या कानावर गेलं असतं आणि माझा झगा गेला असता. मी चीज खात राहिलो.

रविवारी तळघर माणसांनी फुललं होतं. माझ्या खांद्यावर झगा चढला. ओनोरीनबाईंनी गुलाबी वाइनचा पेला हातात दिला. मी शपथेसाठी घसा साफ केला, तेवढ्यात पाहुण्यांमधून सोलांज उभी राहिली.

"शपथेआधी एक विचारायचंय. हा हलका हात कुणाचा?"

पाववाल्याच्या बायकोने केस सारखे केले. दातांच्या डॉक्टरने चष्मा काढून खिशात ठेवला. ऑक्ताव्ह म्हणाला, "माझा नसणार." लोक हसले. मीही हसत सोलांजकडे पाहिलं आणि माझं हसू जिरलं. मला वाटलं होतं ती चिडली असेल. ती चिडलेली नव्हती. तिचा खालचा ओठ थरथरत होता.

"नेस्तोरचा," मी म्हणालो.

सगळ्या माना मागे वळल्या. पिंपाशेजारी काळ्या कोटात नेस्तोर बसला होता. नेस्तोर आमच्या गावची शववाहिका चालवतो. तिथे बसलेल्या प्रत्येकाच्या आईबापांना त्यानेच टेकडीवरच्या दफनभूमीत पोचवलंय, आणि एकदाही धक्का बसू दिलेला नाही.

नेस्तोर उठला. त्याने रुमाल काढून डोळे पुसले. "मास्तर, आजवर माझ्या कामाबद्दल कुणी चांगलं बोललं नाही हो. मागे असतात ते तर बोलतच नाहीत."

सगळ्यांत आधी सोलांज हसली. पिंपाला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग अख्खं तळघर हसलं. हसल्या नाहीत त्या ओनोरीनबाई. त्या दारावरचं कापड पुन्हा एकदा, सावकाश, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत होत्या.

"म्हणजे माझी वाइन मढ्याच्या गाडीसारखी?"

"चांगल्या अर्थाने, बाई. ती शांतता, तो समजूतदारपणा..."

"झगा काढा, मास्तर."

मी काढला. त्यांनी तो घडी करून काखेत मारला आणि पेलाही काढून घेतला. तोवर मी तो रिकामा केला होता, एवढंच समाधान.

दुसरे पेले मिळाले. झग्याच्या दुःखात मी बरेच घेतले, म्हणून परतताना गाडी सोलांजने चालवली. ती खुशीत होती. नदीकाठच्या रस्त्याला लागल्यावर तिने विचारलं, "आणि मी रे? मी कुठल्या वाइनसारखी?"

"तू माझ्याकडे शिकली नाहीस. मी कसं सांगणार?"

"लबाड आहेस," असं म्हणून तिने एक हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. इतका प्रेमाने की झगा गेला तेच बरं झालं असं मला वाटलं.

नेमकं तेव्हाच गिरणीजवळचं वळण आलं. सोलांजने ते एका हाताने घेतलं. आणि माझ्या उजव्या पायाने, मला न विचारता, समोरची फळी करकचून दाबली. शिकवायच्या गाडीत तिथे माझा ब्रेक असायचा.

सोलांजने माझ्या पायाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"पाय अवघडला होता," मी म्हणालो.

उरलेला रस्ता मी चालत आलो. हवा छान होती, असं मी सगळ्यांना सांगतो.