दह्यातलं खातं

आमच्या गल्लीचं सोशल नेटवर्क दह्यात चालतं. ते माझ्या माडीवरच्या भाडेकरूनं, हेरंबनं बनवलं. पुण्यातली बरी नोकरी सोडून तो मिरजेत आला, कारण जगाचं सगळं बोलणं एका कंपनीच्या मुठीत असू नये असं त्याला वाटतं. जगानं त्याला विचारलं नव्हतं.

प्रत्येकाचं बोलणं प्रत्येकाच्या घरी राहावं आणि घरं मात्र जोडलेली असावीत, असं त्याचं म्हणणं. यंत्रं घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून त्यानं ॲप विरजणात घातलं. एका घरचं विरजण दुसऱ्या घरी गेलं की दोन्ही घरं जोडली जातात. दही लागलं की सायीवर निरोप उमटतात आणि घुसळेपर्यंत येत राहतात. एखाद्या घराशी बोलायचं नसेल तर पातेल्याच्या त्या अंगाला वरवंटा ठेवायचा. त्याला ब्लॉक करणं म्हणतात. शेजारी माझी थोरली जाऊ, अक्का, राहते. वाटणी झाल्यापासून तिचा वरवंटा माझ्या भिंतीकडे आहे.

माझी वैजू बेळगावात दिली आहे. पहिलटकरीण, सातवा सरलाय, आणि सासू माहेरी पाठवत नाही. फोनला सासूचे कान असतात. दह्यात ती बघत नाही, तिला दही सोसत नाही. न्यायला यायचं की नाही, ते वैजू बुधवारी सकाळच्या दह्यात कळवणार होती. बुधवार हुकला तर सासू तिला हुबळीला नणंदेकडे नेणार होती.

सोमवारी आमच्या ह्यांनी बाजूला काढलेली विरजणाची वाटी चटणी-भाकरीशी खाल्ली. लेकीचं, माझं, अख्ख्या गल्लीचं बोलणं पोटात. वर म्हणाले, "जरा आंबट होतं. मिरची टाकून लाव की."

देठासकट हिरवी मिरची टाकून लावलं. मंगळवारी दही घट्ट लागलं. वर अक्षर नाही.

हेरंब खाली येऊन पातेल्यात वाकला. "अभिनंदन मावशी. तुमचं स्वतंत्र नेटवर्क झालं."

"त्यात कोण कोण आहे?"

"तुम्ही."

"आणि?"

"मिरची."

"माझं जुनं परत आण."

"माझ्याकडे काही नसतं. मुख्य ऑफिसच नाही. तेच तर वैशिष्ट्य आहे."

"मग बुडालं की शिव्या कुणाला द्यायच्या?"

"सगळ्यांना समान." असं तोंड करून म्हणाला, जशी काही मोठी सोय करून दिली होती. मग विचारलं, "वैजूताईंचं विरजण आणखी कुणाकडे आहे?"

अक्काकडे. लग्नात पोरीला विरजण तिनंच बांधून दिलं होतं.

"मग जाऊन मागा. तुम्हीच मागायचं, तसा नियम आहे."

"कुणी केला?"

"मी."

"मग मोड."

"मला अधिकार नाही."

एवढा शिकून स्वतःच्या ॲपात ह्याला पाट मांडायचा अधिकार नाही. उरलेला दिवस माझा स्वाभिमानात गेला. गेले तेव्हा अक्का तुळशीपाशी दिवा लावून आत वळत होती.

"काय गं?"

"विरजण पाहिजे."

"दिवा लागला. आता विरजण घराबाहेर जात नाही."

"माहीत आहे मला. सासूबाई काय तुमच्या एकटीच्या नव्हत्या."

"मग कशाला आलीस?"

"वैजूचा निरोप यायचाय उद्या."

अक्का दारात उभी राहिली. आत जाईना, दार लावीना. मग म्हणाली, "बाहेर जात नाही म्हटलं मी. दूध इकडे आण."

मी पातेलं नेलं. तिनं बोट बुडवून बघितलं. "कोमट आहे. एवढं तरी आईनं शिकवलंय." विरजण लावलं, झाकलं. लागतं दही हलवू नये, म्हणून मी तिथंच चटई टाकली.

हेरंब शोधत आला. एका घरचं दूध, दुसऱ्या घरची चूल, खातं तिसरीचं. त्याच्या ॲपात अशी सोयच नव्हती. "याला काय म्हणायचं?" त्यानं विचारलं.

"जेवून घे म्हणायचं," अक्का म्हणाली.

बुधवारी झाकण काढलं. चष्मा लावून तिनंच आधी वाचलं. 'आई, ये. बॅग भरलीय.'

"मी पण येते," अक्का म्हणाली. "तिच्या सासूशी तू बोललीस तर पोर तिथंच राहील."

वाटेत निरोप बदलला तर कळावं म्हणून पातेलं बरोबर घेतलं. बसमध्ये कंडक्टरनं झाकणाखाली बघितलं.

"दह्यात माणसं किती?"

"गल्ली अख्खी," अक्का म्हणाली. "पण बसायला जागा मागत नाहीत."

त्यानं जरा विचार केला आणि सामानाचं तिकीट दिलं.

चिकोडीच्या पुढे सायीवर नवीन ओळ आली. 'आई, कळलं त्यांना. सासूबाई बॅगेवर बसल्यात.'

अक्कानं वाचलं आणि झाकण ठेवलं.

"बसू दे," ती म्हणाली. "दोघी आहोत. सासूसकट उचलू."