पंधरा अक्षरांत मावणारे रान

जो दोष कार्यालयात दिसत नाही तो अस्तित्वात नसतो, हे तत्त्व जगातील सर्व मोठ्या संस्थांना मान्य आहे. आणि न्यूझीलंडमधल्या वायकाटोतील आमची संस्था चौदा माणसांची असली, तरी तत्त्वांच्या बाबतीत मोठीच आहे.

आमची नियंत्रक पेटी दोनशे बारा गोठ्यांत बसवलेली आहे. गाई कोणत्या रानातून चरून आल्या याची ती नोंद ठेवते आणि दुधाची टाकी थंड राखते. तिच्यात लिनक्स ही संगणकप्रणाली आहे. पण बाजारात मिळते ती ऐसपैस लिनक्स नव्हे. आमचे तंत्रप्रमुख डेस्मंड क्विल्टर यांनी तिच्यातील अनावश्यक ते सारे छाटून तिला सडसडीत केले. चुका शोधण्याची साधने त्यांनी सर्वांआधी छाटली. (प्रोग्रॅम त्यांनी स्वतः लिहिला होता, तेव्हा असल्या साधनांची गरज कोणाला पडणार?)

ही पेटी ग्लेनिस हॉकिन्स या शेतकरीणबाईंच्या गोठ्यात कोसळू लागली. टाकीतले दूध कोमट झाले. टँकरवाल्याने तापमान पाहिले, मान हलवली आणि दूध न भरताच तो निघून गेला. महिन्यात हे तिसऱ्यांदा घडले. चौथ्यांदा घडल्यास दूधसंघ बाईंचे दूध कायमचे बंद करणार होता.

"डेस्मंड, तुझी पेटी परत मेली," बाई फोनवर म्हणाल्या.

"मरत नाही ती, ग्लेनिस. आपली आपण पुन्हा सुरू होते."

"होते ना! आणि लगेच परत मरते. सकाळपासून एक्केचाळीस वेळा. अरे बाबा, आमची म्हातारी कुत्रीसुद्धा एकदाच मरणार आहे!"

डेस्मंडनी नोंद केली: यशस्वी पुनरारंभ, एक्केचाळीस.

मग रीतसर तपास सुरू झाला. कार्यालयातील पेटी नऊ दिवस अखंड चालवण्यात आली. (तीत एकच रान होते आणि त्याचे नाव 'एक'.) ती कोसळली नाही. यावरून दोष ग्लेनिसबाईंमध्ये आहे, हे सिद्ध झाले. तरीही बाईंचे फोन थांबेनात, म्हणून आमची अभियंता नायरी हिला गमबूट घालून गोठ्यावर धाडण्यात आले.

नायरीने आपला लॅपटॉप पेटीला जोडला आणि प्रोग्रॅमच्या प्रत्येक पावलावर नजर ठेवली. नजर असेपर्यंत प्रोग्रॅम आदर्श वागला. (या गुणामुळे तो आमच्या कर्मचारीवर्गात सहज खपला असता.)

"मग लॅपटॉप जोडलेलाच राहू दे," डेस्मंड फोनवर म्हणाले.

"माझा आहे तो!"

"आणखी दोनशे अकरा मागवू."

नायरीने फोन ठेवला. कोसळणारा प्रोग्रॅम जाताना आपल्या स्मृतीची एक प्रत मागे ठेवतो, जणू स्वतःच स्वतःचा पंचनामा. आमची पेटी ही प्रत अशा जागी ठेवत असे, जी पुनरारंभाबरोबर पुसली जाते. नायरीने एक पेन ड्राइव्ह खोचून प्रतीला तिकडची वाट दाखवली आणि लॅपटॉप सोडवला. दोन मिनिटांत पेटी कोसळली. पंचनाम्यात, आकड्यांच्या जंगलात, मध्येच एक ट्रॅक्टर उभा होता.

"ग्लेनिस, गाई आज कुठून आल्या?"

"'नेव्हिलने ट्रॅक्टर उलथवला ते रान', तिथून."

"एकोणीस वर्षं झाली त्याला!" दारातून नवरा, म्हणजे खुद्द नेव्हिल, ओरडला.

"मग? रान हललंय का तिथून?"

डेस्मंडनी रानाच्या नावाला पंधरा अक्षरांची जागा दिली होती. हे नाव इंग्रजीत अठ्ठावीस अक्षरांचे. उरलेली अक्षरे शेजारच्या जागेत सांडत, आणि तिथे प्रोग्रॅमने आपला परतीचा पत्ता लिहून ठेवलेला असे. काम आटोपून प्रोग्रॅम पत्ता वाचायला गेला, की त्याला ट्रॅक्टर भेटे आणि तो कोसळे. लॅपटॉप जोडला की आतली मांडणी सरके आणि तीच अक्षरे निरुपद्रवी कोपऱ्यात सांडत.

"दोन ओळींची दुरुस्ती आहे," नायरी डेस्मंडना फोनवर म्हणाली.

"प्रोग्रॅमला हात लावला तर सगळ्या चाचण्या पहिल्यापासून," डेस्मंड म्हणाले. "रानाचं नाव बदलायला कुठली चाचणी लागते?"

त्याच दुपारी दोनशे बारा गोठ्यांना परिपत्रक गेले: रानांत यापुढे घडणाऱ्या घटना पंधरा अक्षरांच्या आत घडाव्यात.

ग्लेनिसबाईंनी परिपत्रकाला जे उत्तर दिले तेही पंधरा अक्षरांत मावणारे होते, पण ते येथे छापता येत नाही. मात्र टँकर सकाळी यायचा होता. बाईंनी पेटीत 'रान नऊ' असे टंकले. पेटी कोसळली नाही. दूध थंडगार गेले, गोठा वाचला, आणि ज्याची बायकोकडे एकोणीस वर्षे डाळ शिजली नव्हती त्या नेव्हिलने आम्हाला आभाराचे पत्र पाठवले. कंपनीच्या इतिहासातले ते पहिलेच.

वाचकहो, बाई फार लवकर नमल्या, असे आपल्याला वाटले असेल. आपण नमला नसता. मागे एका अर्जावर नाव लिहिता लिहिता चौकटी संपल्या, तेव्हा आपण चौकटी वाढवून मागितल्याच असतील; वडिलांना एका अक्षरात आणि एका टिंबात कोंबून, खाली 'वरील माहिती खरी आहे' अशी सही करणारे दुसरे कोणीतरी असावे.