बिनछताची बोट

आमच्या लातूरला नळ आठवड्यातून एकदा यायचा, आणि त्या लातुरात मुनीरचाचांकडे बोट होती. साधी होडी नव्हे. पांढरीशुभ्र, फायबरची, मागे दोन इंजिनं लावलेली, चाकांच्या गाड्यावर अंगणात उभी, पाऊस आला की ताडपत्रीखाली. तिला पाण्याचा थेंब लागू दिला नव्हता, याचा चाचांना भारी अभिमान.

"पाणी लागलं की माल जुना झाला, बेटा," ते मला सांगायचे. "मग रिसेल काय राहिली?"

चाचा आमचे भिंतीपलीकडचे शेजारी. धंदा डाळमिलच्या जुन्या यंत्रांचा. उदगीरची चाळणी लातुरात, लातूरची मोटर आणखी कुठे. कुठलीही वस्तू हातात आली की ती पुढे कितीला जाईल, हे आधी बघायचे. मनगटावरच्या घड्याळाचा प्लास्टिकचा कागद त्यांनी कधी काढला नाही. तो पिवळा पडला आणि चाचा वेळ अंदाजाने सांगू लागले. माझ्या ताईला बघायला पाहुणे आले, तेव्हा मुलाला वरपासून खालपर्यंत न्याहाळून बाबांना म्हणाले, "घेऊन टाका. मेंटेनन्स कमी लागंल."

ही बोट त्यांनी मुंबईहून आणली. गेले होते एक मोटर बघायला. तिथे कुण्या शेठनं हौसेनं घेतलेली आणि न वापरताच विकायला काढलेली बोट दिसली, आणि चाचांच्या डोक्यात रिसेल शिरली. बोट ट्रकवरून गल्लीत आली तेव्हा अख्खी गल्ली लोटली. चाची दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "मोटर लाने गए थे ना?"

"सेंटर कन्सोल हाय ही," चाचा येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगत. म्हणजे ष्टेरिंग मधोमध, उभ्यानं चालवायचं, चारी बाजूंनी फिरायला मोकळं आणि वर छत नाही. धरणावर बोटिंग काढू म्हणणारी गिऱ्हाइकं यायची आणि नेमकी त्या छतापाशी अडायची. "त्यात काय, लावून देतो की," चाचा म्हणायचे.

मग भूकंप झाला. कितीतरी दिवस सगळं लातूर अंगणात, रस्त्यावर, मैदानात झोपलं. चाचीची धाकटी बहीण औशाच्या पलीकडच्या एका गावात दिली होती. घराचं मातीचं माळवद कोसळलं आणि ती त्याखाली गेली. चाची तेव्हापासून बोलायची कमी झाली.

हळूहळू सगळे घरात परतले. चाचा मात्र बोटीशेजारी बाज टाकून बाहेरच झोपत राहिले. "चोर नेतील," म्हणायचे. लातुरातून बोट चोरून चोर ती नेणार कुठे, यावर आमच्या घरी दर दिवाळीला हसणं व्हायचं. शिवाय रोज संध्याकाळी ते बोटीच्या चौफेर जुन्या चादरी बांधायचे. कशाला, विचारलं तर, "दव पडतंय. दव बी पाणीच की." दव वरून पडतं आणि वरची बाजू तर उघडीच, हे मी एकदा त्यांच्या लक्षात आणून दिलं. त्यांनी मला पेरू दिला आणि घरी पाठवलं.

पुढे क्लासेसचं पेव फुटलं. गल्लीतल्या घरांवर मजले चढले आणि खोलीखोलीत बारावीची पोरं भरली. चाचांच्या अंगणावर तर किती क्लासवाल्यांचा डोळा. "बोट कुठं ठेवू?" म्हणून त्यांनी सगळ्यांना वाटेला लावलं. लोक म्हणाले, म्हातारा येडा झालाय.

आमच्याही घरात भाडेकरू भरले, तेव्हा मला दुपारी बोटीत बसून अभ्यासाची परवानगी मिळाली. चप्पल बाहेर, पेनला टोपण, पाण्याची बाटली अजिबात न्यायची नाही. बोटीत बसून केमिस्ट्री पाठ करणारी आख्ख्या मराठवाड्यात मी एकटीच असेन. काय सुखाच्या दुपारी होत्या त्या! पुढच्या टोकाला एक गोधडी, उशी आणि चाचीची जपाची तसबीह पडलेली असायची. फायबरला ऊन लागू नये म्हणून गोधडी, असं मी धरून चालले. उशीचा विचार केला नाही.

बोटीची किंमत चाचा दरसाल वाढवत होते. आणि आता कुणी छताचा विषय काढला, तर चहासुद्धा न विचारता उठायचे.

मी नांदेडला नोकरीला लागले. एकदा सुट्टीत आले, तर चाचांच्या अंगणात गिऱ्हाईक. धरणाकाठी हॉटेल काढलेला गृहस्थ. चाचांनी ऐकणाऱ्यानं पळून जावं असा आकडा सांगितला.

"मंजूर," तो म्हणाला.

मागेल तो भाव मिळाला आणि चाचांचा चेहरा पडला, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"पाणी लागलेलं नाही ना?"

"न्हाई."

"म्हणजे बिनवापरलेली. झकास! वर छत तेवढं मी बसवून घेतो."

चाची दारात उभी होती, ओढणीचं टोक मुठीत धरून. चाचांनी तिच्याकडे बघितलं.

"वापरलेली हाय," ते म्हणाले.

"किती?"

"चौदा वर्सं. रोजच्या रोज." मग आवाज खाली आणून, "भूकंपापासनं आमच्या बेगमला छताखाली झोप येत न्हाई, साहेब. लई घाबरती. ती हिच्यात निजती, मी बाजूला. पावसाची रात दारात बसून काढती. वापरलेल्या मालाला कसली रिसेल? चाय पिऊन जा."

गृहस्थ चहा पिऊन गेला. आमच्या घरातलं चौदा वर्षांचं हसणं मला आठवलं आणि माझीच मला लाज वाटली.

ऊन उतरलं होतं. चाचांनी चादरी काढल्या आणि एक टोक माझ्याकडे दिलं. "धर, बेटा."

मी ते नीट ओढून बांधलं. "दव पडतंय ना, चाचा?"

"हाव," ते म्हणाले. "लई दव पडतंय आजकाल."