मागच्या सीटवरचं वजन

शालिग्राम बोरकर शोरूममधल्या चौथ्या मोटरसायकलवर बसला आणि त्याचे पाय पुन्हा हवेत लोंबकळले. आजूबाजूचे सगळे दुसरीकडे बघत असल्याचं नाटक करत होते, म्हणजे सगळे बघतच होते.

"टेकले का?" बायकोनं, मंदाकिनीनं, विचारलं.

"टेकून राहिले नं!"

"अंगठे टेकून राहिले. मी पायाचं इचारते."

माणूस उंचीनं कमी, पण हौस दांडगी. नवरा-बायको दोघंही नव्या रायपुरात सरकारी नोकरीत, ऑफिसं जवळजवळ. चौबे कॉलोनीतून स्टाफच्या बसनं रोजचं जाणं. ते रुंद, रिकामे रस्ते बसच्या खिडकीतून पाहून शालिग्रामचा जीव नुसता जळायचा. मंदाकिनीनं शेवटी होकार दिला, पण अट घातली. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या तरच मोटरसायकल, नाहीतर गुपचूप स्कूटी घ्यायची.

"सर, आप क्रूज़र देखिए। सीट सबसे नीची," सेल्समन म्हणाला.

गाडी लांबलचक, बसकी आणि दिसायला अशी ऐटबाज की शालिग्रामनं किंमतही विचारली नाही. तो बसला. टाचा अजूनही दोन बोटं वरच! त्याचा चेहरा पाहून सेल्समनलाच दया आली. "मैडम, आप भी पीछे बैठके देखिए न।"

मंदाकिनी बसली. गाडी मागून हळूच दबली आणि शालिग्रामच्या दोन्ही टाचा सपशेल जमिनीवर आल्या.

"टेकल्या!" तो ओरडला. मंदाकिनीनं वाकून खात्री केली आणि शब्दाला जागून मान हलवली. ती उतरल्यावर टाचा पुन्हा उचलल्या गेल्या, पण हे फक्त शालिग्रामला कळलं. सरकारी माणूस तो, त्यानं ही गोष्ट वर कळवलीच नाही.

पण देवाला कळली असावी, कारण गाडीच्या पूजेलाच त्यानं शालिग्रामला धरलं. चाकाखाली लिंबू, समोर आरतीचं ताट घेऊन मंदाकिनी, भोवती सगळी कॉलोनी. पूजा म्हणून पायात चप्पल नाही आणि मागं कुणी नाही. गाडीवर बसलेला शालिग्राम नुसत्या अंगठ्यांवर भार देऊन थरथरू लागला. गाडी डावीकडे कलली.

"मंदा, मागं बस!"

"अहो, आरती होऊन राहिली."

"ताट घेऊनच बस. जोडीनं फोडू निंबू!"

ती लाजत लाजत बसली आणि लिंबू फुटलं. "भाऊ किती जीव लावतात बाप्पा!" शेजारच्या क्षमाताई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. मंदाकिनीचा चेहरा फुलला. शालिग्रामनं तो पाहिला. आता खरं सांगायचं म्हणजे गाडी तर जाणारच होती, पण हा चेहराही उतरणार होता.

तेव्हापासून तो तिच्याशिवाय गाडी काढेना. ऑफिसला जाताना ती मागं, येताना ती मागं. भाजी आणायची असली तरी, "चाल नं मंदा, तेवढंच फिरणं होते." लग्नाला इतकी वर्षं होऊनही हा नवरा बायकोला सोडत नाही, मग तुम्हीच काहून असे, म्हणून कॉलोनीतल्या बाकीच्या नवऱ्यांना घरोघरी बोलणी बसू लागली.

महिना होत आला आणि एक दिवस सिग्नलवर शालिग्रामला जाणवलं, उजवी टाच टेकत नाही. चार दिवसांनी डावीही टेकेना. त्यानं हवा तपासली, बूट बदलले. मेकॅनिकनं गाडी दोनदा उघडून बघितली आणि हात जोडले. गाडी वाढून राहिली का काय, अशी शंका त्याला खरोखरच येऊ लागली.

उत्तर क्षमाताईंनी दिलं. "वहिनी किती बारीक झाल्या हो! भात सोडला, सकाळी फिरून राहिल्या. मी म्हटलं काहून, तं लाजल्या. म्हणे, क्रूझरवर मागं बसाचं तं जरा शोभलं पायजे नं."

शालिग्रामनं हिशेब केला: गाडी वाढली नव्हती, मागचं वजन घटलं होतं.

त्या संध्याकाळी त्यानं गुलाबजाम आणले. दुसऱ्या दिवशी कचोरी, तिसऱ्या दिवशी रबडी. मंदाकिनीनं एकाही गोष्टीला बोट लावलं नाही. "रोज रोज काय आणून राहिले? खरं सांगा, काय लपवून राहिले?"

"काही नाही, बाप्पा!" तो म्हणाला आणि भीतीनं सगळी रबडी एकट्यानंच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या रायपुरात, दूरवर चिटपाखरूही नसलेल्या चौकात, सिग्नल लाल झाला. शालिग्रामनं पाय खाली सोडला. नुसता अंगठा टेकला, तोही घसरला. गाडी कलू लागली, आणि पडायला इतका वेळ लागला की मंदाकिनीनं मध्येच विचारून घेतलं, "अहो, आपण पडून राहिलो का?"

"हव," शालिग्राम म्हणाला, आणि ते पडले.

लागलं कुणालाच नाही. रस्त्यावर बसल्या बसल्या मंदाकिनीनं विचारलं, "तुमच्या टाचा टेकत होत्या नं?"

घाबरलेल्या माणसाच्या तोंडून खरं निघून जातं. "तू जाड होती तवा टेकत होत्या."

सिग्नल हिरवा झाला आणि पुन्हा लाल झाला.

"म्हणजे मले तुमी वजनासाठी नेऊन राहिले?"

"नाही नं... म्हणजे सुरवातीले..."

"आख्खी कॉलोनी म्हणे, नवरा जीव लावते. अन् मी येडी, भात सोडून बसली!" तिचे डोळे भरून आले. पदर झटकून ती उठली आणि पायीच ऑफिसला गेली. संध्याकाळी बसनं घरी आली. रात्री घरात भांड्यांचाच काय तो आवाज.

सकाळी शालिग्राम खाली आला तर गाडीच्या मागच्या सीटवर तांदळाचा कट्टा, चांगलं भरलेलं पोतं, दोरीनं करकचून बांधलेला.

"घ्या. माह्या वाट्याचा पडूनच होता," मंदाकिनी म्हणाली. "हा बोलत नाही, बारीकही होत नाही. जा आता खुशाल." आणि ती बसस्टॉपकडे निघून गेली.

शालिग्राम बसला. टाचा टेकल्या, शोरूममध्येही टेकल्या नव्हत्या इतक्या झकास. हवं ते सगळं मिळालं होतं. कॉलोनीच्या वळणावर त्यानं सवयीनं म्हटलं, "मंदा, धरून बस." मागं कट्टा! त्याला एकदम भडभडून आलं.

बसस्टॉपवर स्टाफच्या मंडळींत मंदाकिनी उभी होती. त्यानं सगळ्यांसमोर गाडी स्टँडला लावली, गाठी सोडल्या आणि कट्टा फुटपाथवर ठेवला.

"मागं बस," पुन्हा गाडीवर बसून अंगठे टेकवत तो म्हणाला.

"वजन कमी पडन."

"पडू दे."

"सिग्नलवर पडसान."

"तं दोघं पडू. एकट्यानं टाचा टेकून मी काय करू, मंदा?"

तेवढ्यात बस आली, दार उघडलं. "मैडम, आइए जल्दी," ड्रायव्हर म्हणाला.

मंदाकिनीनं बसकडे पाहिलं, मग अंगठ्यांवर तोल सांभाळणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं. तिनं पदर खोचला.

"भैया, ये कट्टा चढ़ा लो," ती ड्रायव्हरला म्हणाली. "मेरी सीट पे रख दो, ऑफिस के पास उतार देना."

आणि ती शालिग्रामच्या मागं बसली. बस त्यांच्या पुढून निघून गेली, तेव्हा लेडीज सीटवर खिडकीपाशी तांदळाचा कट्टा बसलेला होता.