तिसरा कप

पैज लागली ती जिन्यात. साराजेव्होतल्या आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर निहाद एकटाच राहायचा आणि घरबसल्या कॉम्प्युटरवरचा राजेरजवाड्यांचा खेळ बनवायचा. बायको जर्मनीला निघून गेली, त्याला सहा वर्षं झाली. त्याच्या घरावर टकटक व्हायची ती फक्त खालून. तिसऱ्या मजल्यावरच्या झुम्रेताकाकू तोफांच्या आवाजाला वैतागून छताला झाडूचा दांडा मारायच्या.

"तुझ्या राजांना दुसरं काही काम नाही का रे?"

"तीनच पर्याय आहेत काकू. युद्ध, तह, नाहीतर खंडणी."

"कॉफीला बोलावता येत नाही?"

"कॉफीने युद्धं थांबत नसतात."

"तुझ्या खेळात शंभर वर्षं थांबवून दाखवते. हरलास तर माझे सगळे गालिचे अंगणात झोडपायचे, माझा फुलाफुलांचा एप्रन बांधून. मी हरले तर झाडू बंद."

निहाद 'चालेल' म्हणाला खरा, पण 'झाडू अगदीच बंद?' असं त्याने दोनदा विचारलं.

मग नियम विचारायला तो रोज संध्याकाळी वही घेऊन खाली जायला लागला. काकूंनी नवरा गेल्यापासून फडताळात पडलेलं दोघांचं कॉफीचं भांडं बाहेर काढलं. पहिला कप स्वागताचा, दुसरा गप्पांचा. रिकाम्या हाताने यायचं नाही. निहादने सगळं लिहून घेतलं, खेळात घातलं. महिना गेला.

परीक्षेच्या रविवारी लॅपटॉप अंगणातल्या बाकावर आला. सगळी इमारत भोवती. पन्नास वर्षं गेली, शंभर गेली, एक तोफ उडाली नाही. खेळातले सातही राजे एका राणीच्या घरी कॉफी पीत बसलेले. लढाई पुकारायला घरी जातोय कोण?

पहिल्या मजल्यावरच्या फिकरेतने डोळे बारीक केले. "अरे, पण तिसरा कप कुठाय? 'आता निघा'चा?"

आमच्याकडे शेंबडं पोरही हे जाणतं. तिसरा कप आला की पाहुण्याने बूट घालायचे. पण निहादला या महिन्याआधी सहा वर्षांत कुणी पहिलासुद्धा दिला नव्हता; तो विसरूनच गेला होता.

"काकू, हा तुम्ही सांगितलाच नाहीत."

"सांगितला नाही, अन् दिलाही नाही," काकू चष्मा पुसत म्हणाल्या. "महिनाभरात लक्षात आलं का तुझ्या?"

"ही फसवणूक आहे," फिकरेत म्हणाला. "पैज रद्द."

निहादने एप्रन मागितला.

नऊ गालिचे. खिडक्याखिडक्यांतून हसणं, शिट्ट्या. चौथ्या गालिच्याला तो धुळीने पांढरा झाला होता, तेव्हा काकू ट्रे घेऊन खाली आल्या. त्याने कप घेतला आणि हळूच विचारलं, "कितवा?"

"दुसरा," काकू म्हणाल्या. "पुढचाही दुसराच. झोडप."