उसाच्या मागची लाल गाडी

इटलीत शर्यती धावलेली गाडी उसाच्या ट्रॉलीमागं रांगताना बघायची असेल, तर गळिताच्या दिवसांत सणसरहून बारामतीकडं निघा. लाल, बुटकी, दोन दारांची. आत आमचे शेजारी भगवानतात्या आणि त्यांच्या उजव्या हाताला काकू. गाडी परदेशी, स्टिअरिंग डावीकडं.

तात्या डाळिंबवाले. भंगारातून ही गाडी टेम्पोत घालून आणली, तेव्हा बॉनेटखाली कोंबडी अंड्यांवर बसली होती. पुढं अकरा वर्षं हा माणूस गाडीखाली उताणा. बागेवर तेल्या रोग पडला तरी हे आपले कार्ब्युरेटर पुसतायत! गाडी उभी राहिली ती नवीकोरी, हे कबूल. पण मग तोंडाचा पट्टा सुरू झाला. "मास्तर, हिच्या रक्तात रेस हाय!" मयताला गेले तरी हेच. कुणी वरातीला गाडी मागितली तर म्हणायचे, "नवरदेव काय रेस लावणार हाय का?"

डावीकडं बसून समोरून येणारं दिसत नाही, म्हणून रस्ता बघायचं काम काकूंचं. त्यांनी खिडकीतून बघून "घ्या" म्हटलं की तात्या बिनघोर गाडी पुढं काढायचे. काकू गल्लीभर सांगायच्या, "माज्याबिगर ह्यांची गाडी हालत न्हाय."

तीन वर्षांपूर्वी साखरेच्या आजारानं काकूंची नजर पार गेली. तेव्हापासून रेसच्या रक्तानं एकाही ट्रॅक्टरला मागं टाकलं नाही. शाळेत जाताना मी माझ्या जुन्या फटफटीवरून हॉर्न वाजवत त्यांच्या पुढं जायचो आणि शिक्षकखोलीत तात्यांची नक्कल करायचो. माणूस भित्रा, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

परवा ते काकूंना तपासायला दवाखान्यात नेत होते. मी काकूंच्या खिडकीशेजारी पोचलो. काच खाली होती. उसाच्या ट्रॉलीपुढं कालव्याच्या पुलापर्यंत रस्ता मोकळा.

"कमल, बघ गं. हाय का रिकामं?"

काकूंनी मान बाहेर काढली. तोंड थेट माझ्याकडं, हातभर अंतरावर.

"थांबा! केवढा ट्रक येतोय!"

तो ट्रक म्हणजे माझी फटफटी.

"बरं झालं सांगितलंस," तात्या म्हणाले, "न्हायतर घातलीच असती." आणि काकूंच्या खांद्यावरून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. गप्प राहा, एवढंच त्या नजरेत होतं.

तीन वर्षं हा माणूस मोकळ्या रस्त्यावर थांबत होता. का, तर तिचं काम तिच्याकडंच राहावं. माझी मलाच लाज वाटली. मी फटफटी बंद केली आणि मागं राहिलो.

"गेला ट्रक," काकूंचा आवाज आला. "घ्या आता."

तात्यांनी आरशात बघितलं. मी मधोमध उभा राहून पुलापर्यंतचा रस्ता पुन्हा नीट पाहिला, आणि हात वर करून जोरात हलवला.

गाडी अशी काही गरजली की ट्रॅक्टरवाला दचकून मागं बघू लागला. ट्रॉली मागं पडली, पूल मागं पडला. उजव्या खिडकीतून काकूंचा हात बाहेर आला होता. पार मागं राहिलेल्या ट्रॅक्टरवाल्याला त्या अजून थांब म्हणून खुणावत होत्या.